त्वचेतील मूळपेशी : प्रयोगशाळेतील ओळख आणि संवर्धन

प्रास्ताविक

भाषेच्या अध्यापकाने पेशीविज्ञानावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आधी त्याचे कारण सांगतो. निपाणीतील तंबाखूच्या वखारीत काम करणारे एक पालक एके दिवशी महाविद्यालयात भेटायला आले. त्यांच्या हातात एका मोठ्या शहरातील दवाखान्याचे गुळगुळीत कागदावर छापलेले इंग्रजी माहितीपत्रक होते. त्यांच्या मुलीच्या मानेवर आणि हातांवर कोड आहे. "सर, ह्यात काय लिहिलंय ते तेवढं उर्दूत समजावून सांगा. पैसे भरायचे का नाही ते मग ठरवतो," असे ते म्हणाले.

पत्रकात ‘स्किन स्टेम सेल’ हे शब्द पानोपानी होते. त्यांचा अनुवाद करणे कठीण नव्हते. परंतु या पेशी कोणत्या, त्या कोठून घेणार, ओळखणार कशा, वाढवणार कोठे आणि त्या खरोखर मूळपेशीच आहेत याचा पुरावा काय, याविषयी पत्रकात एक ओळही नव्हती. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर केलेल्या वाचनातून आणि विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेतून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडले आहे. लेखाचा मुख्य मुद्दा एकच आहे. मूळपेशी रंगरूपावरून ओळखता येत नाही. तिच्यापासून पुढे काय निर्माण होते, यावरून ती ओळखावी लागते. हा मुद्दा ध्यानात आला की जाहिरात आणि विज्ञान यांतील फरक सामान्य माणसालाही करता येतो.

शब्दांविषयी थोडेसे

उर्दूत त्वचेला ‘जिल्द’ म्हणतात आणि पुस्तकाच्या बांधणीलाही ‘जिल्द’च म्हणतात. आतला मजकूर सांभाळणारे आवरण हा दोन्ही अर्थांतील समान धागा होय. याच शब्दाचे ‘जुलूद’ हे अनेकवचन कुरआनात आले आहे. कोडासाठी अरबी-उर्दूत ‘बरस’ हा शब्द आहे आणि त्यावरून झालेला ‘अबरस’ हा शब्दही कुरआनात हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या संदर्भात येतो. म्हणजे त्वचेच्या व्याधीचे दुःख आणि ती बरी होण्याची आस, दोन्ही फार जुन्या आहेत.

पेशीला उर्दूत ‘खलिया’ म्हणतात. ‘स्टेम सेल’साठी मराठीत मूळपेशी, मूलपेशी, स्कंधपेशी असे प्रतिशब्द आढळतात. प्रस्तुत लेखात ‘मूळपेशी’ हा शब्द वापरला आहे. जी पेशी स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करून आपला वंश टिकवते आणि त्याच वेळी विशिष्ट काम करणाऱ्या पेशींनाही जन्म देते, ती मूळपेशी होय. या व्याख्येत पेशीच्या दिसण्याचा उल्लेख नाही, केवळ तिच्या कार्याचा आहे. पुढील सर्व विवेचन याच गोष्टीवर आधारलेले आहे.

त्वचेची रचना

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागांवर तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते. तिच्याखाली जाड, चिवट अंतस्त्वचा असते. तीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी व केसांची मुळे असतात. बाह्यत्वचेतील बहुसंख्य पेशी केराटिन नावाचे प्रथिन तयार करतात. म्हणून त्यांना केराटिनोसाइट म्हणतात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या मेलॅनोसाइट या पेशी त्वचेला रंग देतात.

बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या, म्हणजे तळथरातील पेशी विभागतात. त्यांतील काही वर सरकू लागतात, चपट्या होतात, केराटिनने भरतात, मरतात आणि अखेर पृष्ठभागावरून गळून पडतात. अंग घासताना जो मळ निघतो त्यात अशा मृत पेशी मोठ्या प्रमाणावर असतात. हा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो. याचा अर्थ आपली बाह्यत्वचा जन्मभर पुन्हा पुन्हा नवी होत राहते. एवढा पुरवठा आयुष्यभर चालू ठेवणाऱ्या पेशी तळथरात असल्याच पाहिजेत. त्याच बाह्यत्वचेच्या मूळपेशी होत.

अशा पेशींचे दुसरे ठिकाण केसाच्या मुळाशी आहे. केस ज्या नळीसारख्या पिशवीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. तिच्या वरच्या भागात, केस उभा करणारा बारीक स्नायू जेथे जोडलेला असतो तेथे, एक फुगवटा असतो. १९९० साली कोत्सारेलिस, सुन आणि लाव्हकर यांनी उंदरांवरील प्रयोगातून या फुगवट्यात मूळपेशी असल्याचे दाखवले. तोपर्यंत केसाच्या अगदी तळाच्या गाठीतच त्या असाव्यात असा समज होता.

ओळख पटवण्यातील अडचण

सूक्ष्मदर्शकाखाली तळथरातील मूळपेशी आणि तिची शेजारीण जवळजवळ सारख्याच दिसतात. त्या शेजारणीही विभागतात. मात्र मोजक्या वेळाच, आणि मग थांबतात. त्यांना संक्रमणशील पेशी म्हणता येईल. एखाद्या बशीत पेशी वाढताना दिसल्या म्हणजे त्या मूळपेशीच आहेत, असे त्यामुळे म्हणता येत नाही. शेतात उगवलेले प्रत्येक रोप बियाण्यासाठी राखण्याच्या लायकीचे नसते, हे आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोणते राखायचे हे पुढच्या पिकावरून कळते. येथेही तसेच आहे.

ओळख पटवण्यासाठी संशोधक मुख्यतः तीन मार्गांचा अवलंब करतात.

पहिला मार्ग खुणांचा. पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिने असतात. त्यांतील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड तयार करून त्याला चमकणारा रंग जोडतात. मग एक यंत्र पेशींना एकेक करून प्रकाशझोतासमोरून नेते आणि चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढते. तळथरातील पेशी आपल्या खालच्या पडद्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट धरून असतात. १९९३ साली जोन्स आणि वॉट यांनी दाखवले की, ज्या मानवी पेशींवर बीटा-१ इंटिग्रिन अधिक असते त्या बशीच्या तळाला लवकर चिकटतात आणि वसाहतीही अधिक करतात. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील प्रितिंदर कौर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्फा-६ इंटिग्रिन जास्त आणि सीडी-७१ कमी, अशी जोडखूण सुचवली. उंदराच्या केशपुटकातील मूळपेशींसाठी आल्फा-६ इंटिग्रिन व सीडी-३४ ही जोडी वापरतात. २००१ साली इटलीतील पेलेग्रिनी, दे लुका व सहकाऱ्यांनी पेशीकेंद्रातील पी-६३ हे प्रथिन मानवी मूळपेशींची खूण म्हणून पुढे आणले. मात्र पेशीकेंद्रातील प्रथिन तपासायचे तर पेशी मारावी लागते. त्यामुळे ही खूण पेशी वेगळ्या करण्यापेक्षा नमुन्याची तपासणी करण्यास उपयोगी पडते.

दुसरा मार्ग काळाचा. सर्व पेशींच्या केंद्रात एखादा चमकणारा रंग भरायचा आणि नवा रंग भरणे थांबवायचे. पेशी जितक्या वेळा विभागते तितका तिच्यातील रंग निम्मा-निम्मा होत जातो. जी पेशी क्वचितच विभागते तिच्यात रंग दीर्घकाळ टिकतो. २००४ साली तुदोरिता तुंबार, एलेन फुक्स आणि सहकाऱ्यांनी हिरव्या प्रकाशाच्या प्रथिनाचा असा उपयोग करून उंदराच्या केशपुटकातील मूळपेशी जिवंतपणी वेगळ्या काढल्या.

तिसरा मार्ग वसाहतीचा. हाच सर्वांत कसोटीचा असून त्यासाठी पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्याच लागतात. म्हणून आधी संवर्धनाची रीत पाहू.

संवर्धनाची रीत

मानवी बाह्यत्वचेच्या पेशी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत नीट वाढत नव्हत्या. त्यांच्यात अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी मिसळत आणि तणासारख्या माजत. १९७५ साली अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी बशीच्या तळाशी उंदराच्या ‘थ्री-टी-थ्री’ जातीच्या पेशींचा थर पसरला. या पेशी किरणोत्सर्गाने किंवा औषधाने अशा केलेल्या असतात की त्या जिवंत राहतात, पण विभागत नाहीत. त्या पोषक द्रव्ये पुरवतात आणि नको असलेल्या फायब्रोब्लास्टना जागा मिळू देत नाहीत. याला पोषक थर म्हणतात. ही पद्धत आजही आधारभूत मानली जाते. तिच्या पायऱ्या ढोबळमानाने अशा आहेत.

१) लेखी संमती घेऊन त्वचेचा लहान तुकडा घेतात. संशोधनासाठी नवजात मुलांच्या खतन्यानंतर टाकून दिली जाणारी त्वचा जगभर वापरली जाते, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. तुकडा प्रतिजैविक मिसळलेल्या थंड द्रावणात ठेवतात.

२) चरबी खरवडून काढतात आणि तुकडा डिस्पेज या विकराच्या द्रावणात रात्रभर थंडाव्यात ठेवतात. सकाळी बाह्यत्वचा अंतस्त्वचेवरून पापुद्र्यासारखी सुटते.

३) हा पापुद्रा ट्रिप्सिन या विकरात काही मिनिटे ३७ अंश सेल्सियसला ठेवला की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. सीरम घालून ट्रिप्सिनचे काम थांबवतात, मिश्रण बारीक जाळीतून गाळतात आणि जिवंत पेशी मोजतात.

४) पोषक थर असलेल्या बशीत त्या पेरतात. वाढीच्या माध्यमात क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, गाईच्या भ्रूणाचे सीरम, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि बाह्यत्वचेचा वृद्धिघटक असतो. या घटकाचा उपयोग राइनवाल्ड व ग्रीन यांनीच १९७७ साली दाखवला.

५) बशी ३७ अंश सेल्सियस तापमानाच्या, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या उबवणपेटीत ठेवतात आणि दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलतात. जंतूंचा शिरकाव झालेला नाही ना, हे वारंवार तपासतात.

६) वसाहती एकमेकींना भिडण्यापूर्वी पेशी सुट्या करून नव्या बशांत पेरतात. हा क्षण चुकला तर पेशी पक्व होऊन त्यांची विभागणी थांबते.

माध्यमातील कॅल्शियमलाही मोठे महत्त्व आहे. ते कमी असेल तर पेशी विभागत राहतात. वाढले की त्या एकमेकींना धरून थर करतात आणि पक्व होऊ लागतात. १९८० साली उंदराच्या पेशींवर हेनिंग्ज, युस्पा व सहकाऱ्यांनी हे स्पष्ट केले.

वसाहतीची कसोटी

१९८७ साली यान बारांदों आणि हॉवर्ड ग्रीन यांनी पुढील प्रयोग केला. त्यांनी एकेक पेशी वेगळी वाढवली. तिची वसाहत झाली की तीतील पेशी सुट्या करून पुन्हा पेरल्या आणि साधारण बारा दिवसांनी बशी रंगवून नव्या वसाहती पाहिल्या. त्यांना तीन प्रकारचे वंश आढळले. ज्या पेशीच्या वंशातील वसाहतींपैकी पाच टक्क्यांहून कमी वसाहती खुरटल्या, तिला त्यांनी ‘होलोक्लोन’ म्हटले. जिच्या सर्व वसाहती खुरटल्या ती ‘पॅराक्लोन’. तिचा वंश पंधराच्या आत पिढ्यांत संपतो. मधल्या प्रकाराला ‘मेरोक्लोन’ असे नाव दिले. होलोक्लोन पेशी शंभराहून अधिक वेळा दुप्पट होऊ शकते. हीच प्रयोगशाळेत ओळखलेली मूळपेशी होय.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिल्या आठवड्यात या तिन्ही प्रकारच्या वसाहती वाढत असतात. निवाडा दुसऱ्या पेरणीनंतर होतो. म्हणजे खरी ओळख पटायला काही आठवड्यांचा काळ लागतो. सकाळी त्वचा घेऊन दुपारी ‘मूळपेशी’ टोचल्या, असे जेथे सांगितले जाते तेथे ही कसोटी झालेली नसते, हे गणित सरळ आहे.

महाराष्ट्रातील कार्य

पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची सुरुवात १९८६ साली प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली. देशातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणे हे तिचे प्रमुख काम होते. त्वचेतील मूळपेशींवर नेमके काम मात्र नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेत झाले. तेथील डॉ. संजीव वाघमारे यांनी त्याआधी अमेरिकेत तुंबार यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले होते. केशपुटकातील मूळपेशी किती वेळा विभागतात हे हिरव्या रंगाच्या पद्धतीने मोजणारा त्यांचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. मूळपेशी विभागताना जुने गुणसूत्री धागे स्वतःकडेच राखून ठेवतात, असा एक जुना तर्क होता. केशपुटकातील मूळपेशी तसे करत नाहीत, हे त्या कामातून दिसून आले.

खारघर येथील त्यांच्या गटाने २०१६ व २०१७ साली एका विशिष्ट विकरावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांच्या त्वचेत हे विकर प्रमाणाबाहेर निर्माण केले असता केशपुटकातील मूळपेशी आपला साठा राखण्याऐवजी पक्व होऊ लागल्या. परिणामी साठा घटला, केस ठराविक चक्राने गळू लागले आणि जखमा भरण्यात बिघाड झाला. कर्करोगाच्या संस्थेत केसांचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. मूळपेशीचे विभागणे आणि थांबणे यांतील तोल बिघडला तर एकीकडे जखम भरत नाही आणि दुसरीकडे अर्बुद वाढते; म्हणून हा अभ्यास तेथे होतो. मूळपेशी ही दुधारी गोष्ट आहे. अपुऱ्या परीक्षेने ती शरीरात सोडणे निर्धोक नाही, हा त्यातील धडा होय.

रुग्णांपर्यंतचा प्रवास

संवर्धित बाह्यत्वचेचे पापुद्रे भाजलेल्या रुग्णांवर लावल्याचा पहिला वृत्तांत १९८१ साली प्रसिद्ध झाला. १९८३ साली अमेरिकेत ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांवर बॉस्टन येथे उपचार झाले. त्यांच्या शरीराचा सुमारे निम्मा भाग त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या पापुद्र्यांनी झाकण्यात आला आणि दोघेही वाचले. योग्य परिस्थितीत काही चौरस सेंटिमीटर त्वचेपासून तीन-चार आठवड्यांत सबंध अंग झाकेल एवढा पापुद्रा तयार होऊ शकतो.

याहून पुढचा टप्पा २०१५ सालचा आहे. सीरियातून जर्मनीत आश्रयाला आलेल्या एका कुटुंबातील सात वर्षांच्या मुलाला जन्मजात विकार होता. एका जनुकातील दोषामुळे त्याची बाह्यत्वचा खालच्या थराला चिकटून राहत नव्हती आणि बहुतेक अंगावरून ती सुटून गेली होती. इटलीतील मोदेना येथील मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेत त्याच्या निरोगी त्वचेच्या ४ चौरस सेंटिमीटर तुकड्यातील पेशी वाढवून त्यांत त्या जनुकाची निर्दोष प्रत घालण्यात आली. जर्मनीतील बोखुम येथील शल्यविशारदांनी त्या पापुद्र्यांनी त्याची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलली. २०१७ साली हे काम प्रसिद्ध झाले. नंतर तपासणी केली असता ही नवी त्वचा होलोक्लोन प्रकारच्या मोजक्या, दीर्घायुषी पेशींवर टिकून असल्याचे दिसले. बशीतील कसोटी माणसाच्या अंगावर खरी ठरली.

डोळ्यांच्या क्षेत्रातील एक आकडेवारी येथे उपयुक्त ठरेल, कारण तेथेही ग्रीन यांचीच पद्धत वापरतात. रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर संवर्धित पेशी लावलेल्या ११२ रुग्णांचा इटालियन अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वसाहत करू शकणाऱ्या पेशींपैकी तीन टक्क्यांहून अधिक पेशींत पी-६३ ठळक होते, तेथे ७८ टक्के रुग्णांत यश आले. तीन टक्के वा त्याहून कमी असता केवळ ११ टक्के. दोन्ही पापुद्रे वरून सारखेच दिसत होते. फरक मूळपेशींच्या संख्येचा होता. ओळख पटवणे ही केवळ संशोधकांची हौस नसून रुग्णाचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

कोड आणि मूळपेशी

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. कोड हा संसर्गजन्य रोग नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. त्यात रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी नष्ट होतात. या पेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशी वेगळ्या असून त्या केशपुटकात राहतात. २००२ साली जपानमध्ये एमी निशिमुरा व सहकाऱ्यांनी उंदरांत त्यांचा ठाव लावला. म्हणूनच प्रकाशोपचाराने रंग परत येऊ लागतो तेव्हा तो बहुधा केसांच्या मुळांभोवती ठिपक्यांच्या रूपाने येतो. आणि तळहात, बोटांची टोके अशा केसविरहित जागी तो यायला फार जड जातो. केराटिनोसाइटच्या मूळपेशी कितीही उत्तम वाढवल्या तरी एकट्या त्यांनी रंग येणार नाही.

कोडासाठी पेशींचे प्रत्यारोपण होते, हे खरे आहे. मांडीच्या किंवा कमरेच्या पातळ त्वचेपासून सुट्या केलेल्या मेलॅनोसाइट व केराटिनोसाइट पेशींचे मिश्रण, डागाचा वरचा थर खरवडून तेथे लावतात. १९९२ साली फ्रान्समधील गोतिए यांनी असंवर्धित पेशींची ही पद्धत मांडली. डॉ. संजीव मुळेकर यांनी २००३ सालापासून मोठ्या संख्येने रुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध करून तिचा प्रसार केला. पण त्यात मूळपेशी वेगळ्या काढून वाढवलेल्या नसतात, आणि डाग दीर्घकाळ स्थिर असतील तरच ती केली जाते. डाग पसरत असताना केल्यास लाभ टिकत नाही. या पद्धतीला ‘स्टेम सेल उपचार’ असे भारदस्त नाव देणे म्हणजे रुग्णाची दिशाभूल होय.

भाजलेले रुग्ण आणि त्वचापेढी

संवर्धित पापुद्र्याला मर्यादा आहेत. तो अतिशय नाजूक असतो. त्यात घर्मग्रंथी, केस व अंतस्त्वचा नसते. तो तयार होईपर्यंत तीन-चार आठवडे जातात आणि तेवढा काळ उघडी जखम जंतूंच्या तडाख्यात राहते. मधल्या काळात जखम झाकायला मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा उपयोगी पडते. १९८६ साली अमेरिकेत कुओनो यांनी आधी दानाची त्वचा लावून, नंतर तिचा वरचा थर काढून, उरलेल्या अंतस्त्वचेवर संवर्धित पापुद्रा बसवण्याची रीत दाखवली. म्हणजे प्रयोगशाळा कितीही पुढे गेली तरी त्वचादानाची गरज संपत नाही.

मुंबईतील शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या राष्ट्रीय भाजे-उपचार केंद्रात आणि पुण्यातही पेढ्या झाल्या. आपल्या भागात बेळगावच्या केएलई रुग्णालयात रोटरीच्या साहाय्याने त्वचापेढी उभी राहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथून कागदासारखा पातळ थर काढतात. रक्तस्राव होत नाही, चेहऱ्याला हात लावला जात नाही आणि रक्तगट जुळण्याची अट नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये ४ अंश सेल्सियसला दीर्घकाळ टिकते. स्टोव्हच्या भडक्याने, उकळत्या पाण्याने वा पेटलेल्या पदराने भाजलेल्या स्त्रिया व मुले आपल्याकडे किती असतात, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

धार्मिक व नैतिक बाजू

मूळपेशी म्हटले की मानवी भ्रूण नष्ट करण्याचा प्रश्न लोकांच्या मनात येतो. त्वचेच्या मूळपेशींबाबत तो उद्भवतच नाही. त्या जन्मलेल्या माणसाच्या त्वचेतून, बहुधा रुग्णाच्या स्वतःच्याच अंगातून घेतात. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली एकाच व्यक्तीच्या शरीरातील एका जागेचा अवयव दुसऱ्या जागी लावणे, लाभ हानीहून अधिक असल्यास, जायज ठरवले. मृताचा अवयव घेण्यासही तिने अटींवर मान्यता दिली. मक्का येथील इस्लामी फिक्ह परिषदेने २००३ साली प्रौढांच्या संमतीने व त्यांना अपाय न होता घेतलेल्या मूळपेशींचा उपचारासाठी वापर मान्य केला. मृतदेहाच्या दानाबाबत आपल्या देशातील उलेमांत मतभेद आहेत. त्याविषयी जाणकारांना विचारूनच निर्णय घ्यावा.

एक सूक्ष्म प्रश्न उरतो. संवर्धनात वापरले जाणारे ट्रिप्सिन अनेकदा डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते, सीरम गाईच्या भ्रूणाचे असते आणि पोषक थर उंदराचा असतो. पेशी रुग्णाला लावण्यापूर्वी धुतल्या जातात. शिवाय प्राणिजन्य नसलेली विकरे व सीरमविरहित माध्यमेही आता मिळतात. इज्तिरार आणि इस्तिहाला या तत्त्वांच्या आधारे यावर काय हुकूम द्यायचा, हा मुफ्तींचा अधिकार आहे. परंतु त्यांच्यापुढे वस्तुस्थिती नेमक्या शब्दांत ठेवणे हे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. विज्ञान शाखेतील मुलामुलींनी या विषयाकडे वळावे, असे वाटण्याचे हेही एक कारण आहे.

समारोप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक विकारांसाठी केलेले रक्तजनक मूळपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचे अन्य उपचार हे संशोधन मानले जातात. ते नोंदणीकृत चाचणी म्हणूनच करता येतात आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली असून ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

यावरून कोणत्याही दवाखान्याला विचारण्याजोगे पाच प्रश्न निघतात. पेशी कोणत्या जातीच्या आणि कोठून घेणार? त्या वाढवणार असाल तर कोणत्या प्रयोगशाळेत व किती दिवस? त्यांत मूळपेशी किती, हे कोणत्या कसोटीने ठरवले? चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? आणि संशोधन असेल तर पैसे कशाचे?

हे प्रश्न मी मराठीत व उर्दूत लिहून त्या पालकांना दिले. त्यांनी माझ्यासमोरच दूरध्वनी केला. पहिल्या प्रश्नाला "आधी नोंदणीची रक्कम भरा, मग डॉक्टर सांगतील" असे उत्तर आले. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि रक्कम भरली नाही. मुलगी सध्या त्वचारोगतज्ज्ञांकडे प्रकाशोपचार घेत आहे. मानेवर केसांच्या मुळांभोवती बारीक ठिपके दिसू लागले आहेत; हातांवर अजून नाहीत. असे का, हे आता तिच्या वडिलांना सांगता येते.